आठ वार लोकर

चौथ्या दिवशीही मर्डो न्याहारीला किल्ट, तो स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा लोकरी घागरा, घालूनच खाली आला.

"कोण मेलंय?" मॉरीनने नवऱ्याला विचारलं.

"कुणी नाही. लोणी सरकव इकडे."

मॉरीनची थोरली बहीण बेटी चहाच्या कपाआड हसली. "अगं, पासष्टी उलटली की बाप्यांना खालून वारा लागतो. चांगलं असतं म्हणतात तब्येतीला."

मॉरीन हसली नाही. मर्डोचा किल्ट घरी कापडी पिशवीत टांगलेला असे. तो बाहेर निघे तो लग्नाला किंवा मयताला. कलनच्या समुद्रावर ते बावीस वर्षं सुट्टीला येत होते आणि बावीस वर्षं मर्डोने तिथे एक जुनी खाकी चड्डी सोडून काही घातलं नव्हतं. यंदा तेवीस अंशांच्या, तिथल्या मानाने कडक उन्हात तो आठ वार लोकर कमरेला गुंडाळून वाळूत चालत होता. रोज सकाळी, एकटाच, तीन राजे म्हणतात त्या खडकांकडे.

तीस वर्षं दवाखान्यात औषधं मोजून देण्यात गेल्यामुळे मॉरीनला कशाचीही नोंद ठेवायची सवय होती. तिने ठेवली. मर्डो जाताना दाढी करून जातो. तास-सव्वा तासाने परततो. किल्टच्या चुण्यांत वाळू असते, पण मोजे कोरडे असतात. म्हणजे पाण्यात उतरत नाही, कुठेतरी बसतो. फोन वाजला की अंगणात जातो. एकदा ती मागोमाग गेली तेव्हा त्याने "बरं, गुरुवारी" एवढं म्हणून फोन ठेवला.

"कुणाचा होता?"

"होता एकाचा."

हे सगळं पूर्वी तिने कर्स्टीला सांगितलं असतं. मुलीला सांगितलं की निम्मं हसण्यावारी जायचं. पण कर्स्टी दोन वर्षांपूर्वी डगकडे राहायला गेली. डग खेकडे पकडणारा, तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा, दोन घटस्फोट झालेला. "त्याच्याबरोबर तुझं काहीही असू दे, मी तिथे पाऊल टाकणार नाही," असं मॉरीन म्हणाली होती. दुसऱ्याच दिवशी तिला पश्चात्ताप झाला. त्यानंतर कर्स्टीने दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा मॉरीनने कोट घातला, दारापर्यंत गेली आणि कोट परत काढला. तिसऱ्यांदा बोलावणं आलं नाही. आता नवराही जाणार असेल तर मागे काय उरणार, हा हिशेब सोपा होता.

बुधवारी दुपारी मर्डोने ओलं फडकं ठेवून किल्टच्या सगळ्या चुण्यांना इस्त्री केली. एकेक करून. घरी त्याने कधी रुमालालाही इस्त्री केली नव्हती.

गुरुवारी बेटी पाव आणायला म्हणून लवकर बाहेर पडली. मर्डो खाली आला तेव्हा किल्टवर कमरेपुढे बांधायची रोजची साधी चामड्याची पिशवी नव्हती. चांदीच्या काठाची होती. बुटांच्या लांब नाड्या पोटऱ्यांवर गुंडाळून बांधलेल्या होत्या.

"फिरून येतो," तो म्हणाला.

"ये."

तिने शंभरपर्यंत आकडे मोजले. मग डॉल्फिन बघायची दुर्बीण घेतली आणि निघाली. वाळूच्या टेकाडावरून तिला खडकांपाशी निळ्या झग्यातली एक पाठमोरी बाई दिसली. मर्डो तिच्याजवळ गेला आणि तिने त्याला मिठी मारली. मॉरीनने दुर्बीण खाली केली. डोळे पुसले, काचा पुसल्या आणि पुन्हा बघितलं नाही. ती सरळ टेकाड उतरून चालत गेली.

"मर्डो गेडिस, लाज वाटते का?"

बाई वळली. ती कर्स्टी होती.

तिच्या मागे डग उभा होता, तोही किल्टमध्ये, खेकड्यांनी ओरबाडलेले हात पुढे बांधून. बेटी होती, पावाशिवाय. आणि करड्या कोटातल्या एक विवाह निबंधक बाई, वाऱ्यात कागदांची फाइल छातीशी धरून.

मॉरीनला सगळं एकदम कळलं. सगळ्यांना ठाऊक होतं. तिला सोडून. ती परत फिरली.

"थांब," मर्डो म्हणाला. "सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते."

"तेच तर. तुला बोलावलं की तू येत नाहीस. संशय आला की आल्याशिवाय राहत नाहीस." त्याने मानेवरचा घाम पुसला. "पाच दिवस या लोकरीत उकडून निघालोय मी. तू मंगळवारीच येशील असं वाटलं होतं."

"मी तर सोमवार म्हणत होते," बेटी म्हणाली. "गधडे, किती वाट बघायला लावलीस!"

मॉरीन पाठ फिरवूनच उभी राहिली. गेली नाही, पण वळलीही नाही. असं चोरासारखं पकडून आणलेलं पाहुणेपण तिला नको होतं. पोरीला ती हवी होती की बापाने हे आपल्या मनानेच केलं होतं?

निबंधक बाईंनी घड्याळ बघितलं आणि कागद उघडला. "साक्षीदार दोन लागतात. पहिल्या बेटी. दुसऱ्या मॉरीन गेडिस." त्यांनी बोट खाली नेलं. "त्या येऊ शकल्या नाहीत तर कोण, ते इथे लिहिलेलं नाही. राहून गेलंय का?"

"राहिलं नाही," कर्स्टी म्हणाली. "महिन्यापूर्वी तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगितलं होतं. आई आली नाही, तर आज लग्न नाही."