गळकं टप

"आधी पाणी मारा, मग फाडा!" ग्यानोबा फाटकातूनच ओरडला.

अमरनाथअप्पाच्या हातात कटर होतं. उदगीरच्या नवरदेवांना मिरवणारी त्याची लाल, उघड्या टपाची गाडी अंगणात उभी होती. पावसामुळं कापडी टप चढवलेलं. ते दिवाळीत ग्यानोबानं शिवलं होतं. पाऊस लागला तसं मागच्या शिटाखाली पाणी साचायला लागलं, आणि अप्पाच्या जिभेला कुठं हाड! भर चौकात, चहाच्या टपरीवर, सगळ्यांसमोर म्हणाला, "ग्यानोबाची शिलाई म्हंजे चाळणी हाय." झालं. तेव्हापासून ग्यानोबाकडं कुणी मोटरसायकलचं सीट कव्हरसुद्धा शिवायला येईना.

"लातूरचा कारागीर दुपारी नवं टप घेऊन यायलाय," अप्पा म्हणाला. "तमाशा करू नको."

"तमाशा तुमी केला. हे फाडलं की माझी शिलाई मी कुणाला दाखवू? बसा आत, काचा लावा. शिवण गळाली तर मीच माझ्या हातानं फाडतो."

आवाज ऐकून अप्पाची बायको दानम्मा बाहेर आली होती. तिनं नळाला पाईप लावला.

"बसा की," ती नवऱ्याला म्हणाली. "भेता काय?"

अप्पा चरफडत मागच्या शिटावर बसला. दानम्मानं टपावर पाणी सोडलं. शिवणीवर, कोपऱ्यांवर, परत शिवणीवर. ग्यानोबा काचेला नाक लावून आत बघत होता.

"गळायलंय का?"

आत अप्पा शिवणीवरून बोट फिरवत बसला.

"अप्पा, बोला की! तोंड शिवलं का तुमचं?"

"न्हाई गळत!" अप्पा खेकसला. आणि लगेच किंचाळला, "अगं थांब, थांब! खालून येतंय! विजार भिजली माझी!"

बाहेर येऊन त्यानं शीट उचकटलं. शिटामागं टप दुमडून ठेवायचा खळगा असतो, त्याच्या तळाला टपावरून ओघळलेलं पाणी जायचं भोक. खळगा काठोकाठ तुंबला होता. अप्पानं भोकात बोट घालून ओढलं, तर पिवळा लगदा निघाला. आंबलेला, फुगलेला. असा वास सुटला की दानम्मानं पदर नाकाला लावला.

अक्षता होत्या त्या. उन्हाळाभर या गाडीत बसलेल्या नवरा-नवरीच्या अंगावरून सांडलेल्या.

"मी घसा फोडून सांगत होते, झाडून घेऊ द्या गाडी!" दानम्मा भडकली. "तर म्हणे, अक्षतांना झाडू लावायचा न्हाई, अपशकुन होतो. हातानं फटीत ढकलत बसलात. घ्या आता!"

अप्पा लगद्याकडं बघत राहिला. मग कटर खिशात घालत म्हणाला, "बरं, झाली चूक. चल ग्यानोबा, चहा घे. घरातल्या घरात मिटवू."

इथं मात्र ग्यानोबाचं टाळकं फिरलं.

"घरातल्या घरात? माझं नाव काय घरात बसून घालवलं का तुमी? पोरीच्या सासरपर्यंत गेली बातमी, अप्पा! व्याही हसून विचारतो, सध्या काय चाळण्या शिवता का?"

"मग काय, चौकात नाक घासू म्हणतोस?"

"हाव!"

दानम्मानं शीट परत जागेवर दाबलं, टपाचे खटके काढले आणि टप मागं दुमडलं. "ग्यानोबा भाऊ, बसा मागं. अहो, काढा गाडी."

"शीट ओलं हाय," अप्पा पुटपुटला.

"असू द्या," म्हणत ग्यानोबानं तो लगदा मुठीत घेतला आणि नवरदेवाच्या जागेवर जाऊन बसला.

गाडी चौकात टपरीसमोर थांबली. वाजंत्री नाही, नवरी नाही, उघड्या गाडीत एकटा ग्यानोबा. माणसं चहाचे ग्लास घेऊन पुढं सरकली. ग्यानोबानं मूठ उघडून हात वर धरला. मनगटावरून पिवळं पाणी ओघळलं.

अप्पा उभा राहिला. घसा खाकरला. स्टेअरिंगकडं बघत हळूच म्हणाला, "ग्यानोबाच्या शिलाईत खोट न्हाई."

मागून ग्यानोबा म्हणाला, "त्या दिवशी आवाज लई मोठा होता, अप्पा."