बिनशिट्टीचा कुकर

“म्हणजे याला शिट्टीच नाही?” सासूबाईंनी पुन्हा विचारलं.

“नाही हो आजी,” दुकानातली मुलगी म्हणाली. “हा स्लो कुकर. विजेवर चालतो, मंद आचेवर. सकाळी सगळं आत घालायचं, बटण फिरवायचं आणि विसरून जायचं. संध्याकाळपर्यंत आपोआप शिजतं.”

“तोंड मिटून आतल्या आत शिजायचं. आमच्या घरातल्या बायकांच्याच जातीचा दिसतोय.”

मुलगी खळखळून हसली. सून हसली नाही. तिचं लक्ष काचेबाहेर होतं. तिचा नवरा रस्त्याकडेला मोटारसायकलवर बसला होता आणि मधूनच हॉर्न वाजवत होता.

तिच्या हाताचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. मनगट अजून पिवळट होतं. जिन्यात पाय घसरला, असं सगळ्यांना सांगितलेलं. हॉस्पिटलात डॉक्टरांना ते सांगितलं सासूबाईंनीच, पापणीसुद्धा न लववता. खरं तर त्या वेळी त्या स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. मुलाने बायकोचा हात पिरगळला, हाड मोडलं, तो आवाज त्यांनीही ऐकला. मग त्या वळल्या आणि शेगडीवरचं दूध उतरवलं, कारण ते उतू चाललं होतं. सुनेने त्यांना ते कधी बोलून दाखवलं नाही. पण त्या दिवसापासून तिने त्यांच्याकडून कसलीही आशा ठेवली नव्हती.

घर वर आणि खाली नवऱ्याचं टायरचं दुकान. स्वयंपाकघराची खिडकी बरोब्बर दुकानाच्या डोक्यावर. नवरा काउंटरवर बसून कानांनी घर राखायचा. नळाचा आवाज, भांड्यांचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या चालू असल्या की खाली तो निवांत. जेवणाचा डबाही तिने खिडकीतून दोरीने सोडायचा, म्हणजे जिना उतरायलाच नको. वर जरा सामसूम झाली की तो चढून यायचा. “काय चाललंय?” एवढंच विचारायचा. उत्तर काहीही दिलं तरी ते चुकीचंच निघायचं.

स्लो कुकरचं टुमणं लावलं होतं सासूबाईंनीच. दात राहिले नाहीत, मटण लोण्यासारखं शिजायला हवं, हिच्या हाताला आता जड कुकर पेलत नाही. मुलगा कुरकुरला. पण चारचौघांत तो आईचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, आणि सासूबाईंनी विषय नेमका गिऱ्हाइकांसमोर काढला होता.

“हा बघा आजी, नवीन मॉडेल. शिजलं की स्वतःच वाजतो.”

“बोंबलणारा नको. साधा दाखव. आणि वास येतो का गं याचा?”

“येतो म्हणजे काय! दिवसभर घर दरवळतं.”

“खालच्या मजल्यापर्यंत जाईल?”

“शेजारीपाजारी वाटी घेऊन येतील, आजी!”

सुनेची नजर काचेवरून कुकरकडे वळली. आजवर नुसते कान होते, आता नाकही पहाऱ्याला बसणार. आणि ते बसवतंय कोण, तर ही बाई. मायलेकांचं हे आधीच ठरलेलं असणार, असं तिला वाटलं. तिने साध्या कुकरच्या काचेच्या झाकणावर बोट ठेवलं. झाकण गार होतं.

“हाच दे,” सासूबाई म्हणाल्या. मुलगी मागच्या खोलीत खोकं आणायला गेली.

बाहेर हॉर्न वाजला. सासूबाईंनी तिकडे बघून हात हलवला, हसल्यादेखील. आणि ते हसू तसंच ठेवून, ओठ जेमतेम हलवत त्या बोलल्या.

“सोमवारी तो खाली गेला की मटण चढव. कांदा-लसूण सढळ हाताने घाल. मग मागच्या जिन्याने नीघ. त्या जिन्याच्या दाराची किल्ली मिळवलीय मी.”

आपण नीट ऐकलं नाही, असंच सुनेला वाटलं.

“तुझ्या बहिणीशी बोलणं झालंय माझं. ती स्टँडवर येईल. माझ्या हातून आता स्वयंपाक होत नाही, हे त्याला ठाऊक आहे. वास आला की त्याच्या लेखी तू घरात.”

“आई, पण वर आवाज थांबला की ते लगेच...”

“थांबेल कशाला? नळ मी सोडीन. भांडी मी आपटीन. डबा मी सोडीन खाली. दोरी कुणाच्या हातात आहे ते खालून दिसत नाही.” त्यांनी पुन्हा बाहेर बघून हात हलवला. “याचा बापही असाच ऐकत बसायचा. मी राहिले. राहून काय वाढवलं, ते बघतेसच तू.”

या घरात आल्यापासून पहिल्यांदाच सुनेने सासूबाईंच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं. डाव्या भुवईखाली एक जुना व्रण होता. इतकी वर्षं ती त्याला सुरकुती समजत होती.

“आणि संध्याकाळी?” तिने कसंबसं विचारलं. “ते वर येतील तेव्हा?”

मुलगी खोकं घेऊन येत होती. सासूबाईंनी झाकण उचललं, त्याला चीर नाही ना ते उजेडात धरून पाहिलं आणि सुनेच्या हातात दिलं.

“तेव्हा मारायला कुणीतरी लागेलच त्याला,” त्या म्हणाल्या. “मी आहे ना.”