मोठ्या बाईंची खुर्ची
गार झालेला चहा. खिडकीत वाळणारी छत्री. एका पायाने लंगडणारी खुर्ची. मुख्याध्यापिकेच्या खोलीत पालक तावातावाने भांडत होते. चौथीतल्या एका मुलीला काल वर्गात फिट आली होती. “तिला काढा, नाहीतर आमची मुलं घरी बसतील!” वर्गशिक्षिका पुटपुटली, “मोठ्या बाई, मलाही भीती वाटते. पुन्हा आली तर मी एकटी काय करू?” ‘एकटी’ हा शब्द बाईंच्या जिव्हारी लागला. त्या उठल्या, खुर्ची उचलून निघाल्या. एक पालक म्हणाले, “अहो, शिपाई नेईल ना!” “बसणार मी, उचलणारही मीच.” चौथीच्या वर्गात, त्या मुलीच्या बाकाशेजारी त्यांनी खुर्ची टेकवली आणि मागोमाग आलेल्या पालकांकडे वळल्या. “ही इथेच शिकणार. आजपासून माझं ऑफिसही इथे. भांडायला या, फक्त हळू. पाढे चालू असतात.” आदल्या दिवशी फिट आली तेव्हा, बाहेरून कुणी मोठं मदतीला पोचायच्या आत, मुलांनी तिच्या डोक्याखाली आपापले स्वेटर सारले होते.