खाडीपलीकडचा गेटवे

आठ दिवस झाले, आई वृंदाला ओळखत नव्हती. दोन वर्षांपूर्वी पक्षाघातानं तिची वाचा गेली, स्मृती टिकवायला कानामागे नेटला जोडलेली चिप बसवावी लागली, तरी डोळे बोलायचे. आता तेही परके झाले होते.

"नवा टॉवर लागल्यापासून तुमचा गेटवे, म्हणजे नेटचा मार्ग, बदललाय," ब्रॉडबँडवाला दिगंबर लॅपटॉपमधून मान वर काढत म्हणाला. "आजींच्या कानामागच्या चिपमध्ये खाडीपलीकडच्या एका आजींची स्मृती उतरतेय आणि ह्यांची तिकडे जातेय. दोन्ही घरांतले राउटर एकाच वेळी बंद करून चालू करावे लागतील. तुम्ही पलीकडे जा, मी इथं थांबतो."

वृंदा होडीनं पलीकडे गेली, दिगंबरनं दिलेला पत्ता विचारत विचारत त्या घराशी पोचली. पायरीवर एक अनोळखी म्हातारी बसली होती. वृंदाला पाहताच तिनं आवाज चढवला, "वृंदे, कुठं उंडारत होतीस इतका वेळ? काय ही दशा करून घेतलीस! जेवतेस की नाही? आधी पाय धू, मग घरात ये."

वृंदा जागच्या जागी थबकली. तेवढ्यात फोन वाजला.

"सापडला का राउटर, मॅडम? करू बंद?"

"थांबा जरा," वृंदा कशीबशी म्हणाली. "आई बोलतेय."