उसनं नाव

पाइनेममावशीच्या मागच्या दाराशी विनार्सी उभी होती. कडीकडे गेलेला तिचा हात दोनदा परत आला होता. आत कढईत भाताचे पापड तडतडत होते. तेलाचा वास आला तशी ती आणखीच चिडली. रोज्यांच्या महिन्यात तिच्याच ओट्यावर फुकट तेल-तांदूळ वाटले, तेव्हा मावशीला तिने रांगेत सगळ्यांच्या पुढे उभं केलं होतं. चांगले पांग फेडले म्हातारीने!

सकाळी बँकेतल्या बाईंनी तिचं घराचं कर्ज नाकारलं. तिच्या नावावर फोनवरून काढलेलं एक कर्ज थकलं होतं आणि नावाला डाग लागला होता. जन्मभर कारखान्यात कॉलर शिवून तिने दोन खोल्यांच्या घरापुरतं साठवलं होतं. असल्या कर्जाच्या वाटेला ती कधी गेली नव्हती. तगादाही तिच्यापर्यंत पोचला नव्हता. ओळखपत्राच्या कार्डावर पत्ता अजून डोंगरातल्या माहेरचा, आणि तिथे आता कुणी राहत नव्हतं.

"पोलिसात तक्रार करा," बाई म्हणाल्या. "तिची प्रत आणलीत की तुमच्या नावावर नवं कर्ज कुणाला काढता येणार नाही असं बघू, आणि डागही पुसता येईल. पण शुक्रवारच्या आत. नाहीतर घर दुसऱ्याला जाईल."

चौकीतल्या हवालदाराने एकच विचारलं, "संशय कुणावर?" ओठांवर आलेलं नाव तिने गिळलं. दुपारी येऊन सांगते म्हणाली. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

सोलो शहरातल्या त्या गल्लीत नाव उसनं देणं नवं नव्हतं. एकाच्या कार्डावर दुसऱ्याची मोटारसायकल, तिसऱ्याचा फ्रिज. मावशीनेही मागे भाताचा कुकर हप्त्यावर घ्यायला विनार्सीचं कार्ड नेलं होतं. आणि ईद झाल्यापासून मावशीचे रंगच बदलले होते. भिशीला येईना, पैसे कुणाच्या तरी हाती धाडी. विनार्सी समोर दिसली की दुसऱ्या बोळात वळे. कानातली सोन्याची फुलं गेली होती, विकायचे पापड आता दोन्ही वेळा तळले जात होते. अडलेलं माणूस काय करत नाही? तरी इतक्या वर्षांचा शेजार. एकदा तोंडावर विचारावं, मग चौकीत जावं, असं तिने ठरवलं होतं.

तिने दार ढकललं.

"मावशी, कर्जाचं बोलायचंय."

मावशीचा झारा थांबला. तिने बाहेर डोकावून दार लावून घेतलं. "हळू बोल गं बाई. मी कुणापाशी चकार शब्द काढलेला नाही."

सापडली, विनार्सीला वाटलं. "म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"नसायला काय झालं? वसुलीवाले दर महिन्याला माझ्याच दारात उभे राहतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी चांगली भांडले. कसलं कर्ज, माझ्या नावावर कुणी काढलं? तर त्यांनी फोटो दाखवला. माझाच! कार्ड गालाशी धरलेलं आणि मागे तुझ्या ओट्यावरची हिरवी खिडकी. मग मी काय बोलणार?"

विनार्सीला तेल-तांदूळ वाटायला आलेले ते दोघे आठवले. संस्थेच्या नावाचे सदरे घातलेले, गोड बोलणारे. देणगीदारांना दाखवायला प्रत्येकीचा कार्डासकट फोटो हवा म्हणाले होते. "बायका आम्हाला लाजतात ताई, तुम्हीच काढा ना." त्यांच्या फोनवर तिने काढले. मावशीचे केस सारखे केले, हनुवटी वर करा म्हणाली. अख्खी गल्ली एकेक करून त्या खिडकीपुढे उभी केली, आणि शेवटी हसत हसत स्वतः उभी राहिली. त्या फोटोंवरच दोघांनी त्यांच्या नावांवर कर्जं उचलली होती. ती पाटावर बसली.

"मावशी, तुम्हाला वाटलं की मी..."

"वाटायचंय काय त्यात? फोटो तूच काढलास." मावशीने कढई उतरवली. "राग आला होता, खोटं कशाला बोलू? कुकरच्या वेळी मी तुला विचारून नाव नेलं, तू न विचारता घेतलंस. पण बोलले असते तर चारचौघीत तुझं तोंड काळं झालं असतं. म्हणून भिशीला येणंच सोडलं. तू दिसलीस की तोंडातून निघून जाईल असं वाटायचं. म्हटलं, पोरीला घरासाठी नड असेल. सांगेल कधीतरी."

विनार्सीच्या डोळ्यांतून पाणी ओघळू लागलं. चौकीत ती याच मावशीचं नाव सांगायला निघाली होती.

"अगं, रडतेस काय अशी? दोनच हप्ते राहिलेत, तेही मी भरते." मावशीने तेलकट हात पदराला पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. "घराची किल्ली तरी मिळाली ना गं?"