ज्याचा आवाज, त्याची परवानगी

वॉशिंग्टनला सेनेटच्या सुनावणीच्या दालनात साक्षीला आलेल्या व्हर्लीनबाईंनी पर्समधून तळहाताएवढा रेकॉर्डर काढून टेबलावर ठेवला, तेव्हा सेनेटर क्रचर गालातल्या गालात हसले. नवा कायदा त्यांनीच मांडला होता. ध्वनिमुद्रणात ज्याचा ज्याचा आवाज असेल, त्या प्रत्येकाची लेखी परवानगी असल्याशिवाय असल्या डिजिटल यंत्रातून नक्कल निघताच कामा नये.

"काय भरलंय यात, बाई?"

"आमच्या पाद्रीबाबांचं रविवारचं प्रवचन. बोलता बोलता ते गायला लागतात, मग चर्चमधली बाकंसुद्धा डोलतात! अंथरुणाला खिळलेल्या सतरा जणांना मी सोमवारी त्याच्या नकला घरपोच करते. तुमचा कायदा आला की त्यांचा रविवार बुडालाच."

"पाद्रीबाबांची परवानगी?"

"देवाचं देणं आहे, वाटून टाक म्हणाले."

बाईंनी बटण दाबलं. पाद्रीबाबांचा सूर चढत गेला, मंडळी ओळीओळीला साद देऊ लागली, आणि ऐन टिपेला कुणीतरी साफ बेसूर 'आमेन!' ठोकून दिलं. दालनात हशा पिकला.

"आणि या गवयाची परवानगी घेतलीत का?" सेनेटरांनी बोट रोखलं.

"ती तेवढी राहूनच गेली बघा. त्या रविवारी तुमच्या निवडणुकीला महिना होता, तुम्ही पहिल्याच बाकावर बसला होतात. पुसते हवं तर. पण साहेब, माझ्या सतराही जणांनी हा तुमचा 'आमेन' ऐकला, अन् अंथरुणातूनच टपालाने तुम्हाला मत धाडलं."