डाव्या हाताचं काम

वडीगोद्रीच्या गॅरेजमध्ये लालमियाँनी ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरचं तेल पट्टीवर घेऊन हुंगलं. "लालभडक हाय, वैनी. जळका वास न्हाई. गिअरबी झटका देत न्हाई. धर्मराजभाऊनं लेकरावानी जपली. गिऱ्हाईक डोळे झाकून घेईल." दैवशालानं मान हलवली. धर्मराजला जाऊन सहा महिने झाले होते. घरात आता गाडी चालवणारं कुणी उरलं नव्हतं. दोन सीटांमधल्या हात टेकायच्या गादीपाशी लालमियाँ थबकले. "सगळी गाडी नव्यावानी, अन् इथलंच कव्हर कसं झिजलं? ह्या गाडीत डाव्या हाताला कामच न्हाई." खरंच नव्हतं. गिअर बदलायचे नसल्यानं धर्मराजचा डावा हात वाटभर इथंच असायचा, तिच्या उजव्या हातात. "नवं बसवू?" "बसवा," ती म्हणाली. "जुनं मला द्या." परतीच्या एसटीत ते कव्हर मांडीवर पसरून तिनं उजवा हात त्यावर ठेवला, तळवा वर करून.